पाऱ्याबाबतची तयारी मोजताना कस्टम्सचंही बघा

कायदा, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसं एवढं बघितलं की पाऱ्याबाबत देशाची तयारी कळते, असं एक मत आहे. तिन्ही हव्यातच, वाद नाही. पण त्यात कस्टम्सचा मुद्दा येतच नाही, आणि मिनामाता कराराच्या (पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा आंतरराष्ट्रीय करार) प्राथमिक मूल्यांकनात, म्हणजे देशाने सुरुवातीला घेतलेल्या आढाव्यात, गोची नेमकी तिथे होते. सुट्या पाऱ्याला २८०५.४० हा स्वतंत्र एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार दाखवणारा सहा अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक) आहे, त्यामुळे निदान अधिकृत आयात तरी मोजता येते. थर्मामीटरचं तसं नाही. ९०२५.११ खाली द्रव भरलेले सगळे थर्मामीटर एकत्र येतात; आत पारा आहे की रंगीत अल्कोहोल, हे आकड्यांवरून कळायला मार्गच नाही. करारानुसार २०२० नंतर (मागून घेतलेल्या सवलती सोडल्या तर) पाऱ्याच्या थर्मामीटरची आयात-निर्यात बंद. पण बंदरावरच्या अधिकाऱ्याने ती अडवायची कशी? सहा अंकांपुढे स्वतःचे जादा अंक जोडून पाऱ्याची उपकरणं वेगळी काढणारा देश मला जास्त तयार वाटतो, मग त्याची प्रयोगशाळा साधी का असेना.

आणि 'देशात एकूण इतके टन पारा' या आकड्यावर फार विसंबू नका. यूएनईपीच्या (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) पारा मोजायच्या टूलकिटची पहिली पातळी म्हणजे बहुतांशी ठरीव गुणकांची स्प्रेडशीट: वस्तूंची संख्या गुणिले दर वस्तूमागे धरलेला पारा. तापाच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते दीड ग्रॅम पारा, तर रक्तदाबाच्या जुन्या यंत्रात ८० ग्रॅमच्या आसपास. थोडे थर्मामीटर मोजायचे राहिले तर बिघडत नाही. रुग्णालयांच्या अडगळीतली बीपीची यंत्रं राहिली, तर हिशोब पार कोलमडतो.