निबंधासाठी युक्तिवादाचा कोणता नमुना निवडावा?

प्रश्न (विद्यार्थिनी, खानापूर)
बेळगावच्या महाविद्यालयातील लेखन-अभ्यासक्रमात आम्हाला ॲरिस्टॉटल, टूल्मिन आणि रॉजर्स यांचे नमुने शिकवले आहेत. 'निपाणी भागातील शेतकऱ्यांनी तंबाखू सोडून अन्य पिकांकडे वळावे' या विषयासाठी यांपैकी कोणता योग्य ठरेल?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, बेळगाव)
ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ साली मांडलेला नमुना घ्या. तंबाखू आरोग्याला घातक आहे हा तुमचा आधार आणि पीक बदलावे हा दावा. परंतु या दोहोंना जोडणारे गृहीतक, म्हणजे जे पीक घातक ते शेतकऱ्याने सोडावे, हे बहुतेक विद्यार्थी लिहीतच नाहीत, आणि खरा वाद नेमका तिथेच असतो. 'दुसरे काय परवडणार?' असे विचारणारा शेतकरी तुमचा आधार नाकारत नाही, तो हे गृहीतक नाकारतो. या गृहीतकाला पाठबळ द्या, अन्यथा 'पर्यायी पिकाला खात्रीची बाजारपेठ मिळाल्यास' अशी मर्यादा दाव्याला घाला.

उत्तर (शिक्षिका, निपाणी)
सरांचे म्हणणे पटते, तरी वाचक कोण हेही पाहावे. इथे विड्या वळून घर चालवणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्यासाठी लिहायचे असेल, तर मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर आधारलेल्या नमुन्याप्रमाणे आधी त्यांची बाजू त्यांनाच मान्य होईल अशा शब्दांत मांडा, आणि मगच आपली. ही मांडणी मला अधिक न्याय्य वाटते.

उत्तर (विद्यार्थी, चिकोडी)
न्यायदर्शनातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतील, प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातील नियम आपल्या विषयाला लावणे), निगमन (निष्कर्ष) ही रचनाही पाहावी. तिच्यात उदाहरण टाळता येत नाही.