ओल्ड स्कूल रूनस्केप: निर्देशांक रोज उड्या मारतो, खरी महागाई ओळखायची कशी?

दारव्हा_रेंजर
नमस्कार मंडळी. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ग्रँड एक्स्चेंज नावाचा बाजार आहे. तिथल्या ४० वस्तूंचा गेममध्ये दिसणारा मार्गदर्शक भाव रोज रात्री शीटमध्ये टिपतो, सरासरी काढतो आणि पहिल्या दिवसाला १०० धरून आलेख काढतो. दोन महिने झाले. आलेख एखाद्या दिवशी ६-७ ने चढतो, दुसऱ्या दिवशी उतरतो, खेळताना मात्र तसं काहीच जाणवत नाही. शिवाय लाइन गेली की मधले दिवस कोरे राहतात. आणि बॉन्ड (नाण्यांत विकत घेऊन गेमच्या सशुल्क मेंबरशिपसाठी वापरता येणारी वस्तू) महागला म्हणजे अर्थव्यवस्था बिघडली, असं धरायचं का?

खारपाण_पट्टा
भाऊ, चूक भावाच्या निवडीत आहे आणि सरासरीतही आहे.

मार्गदर्शक भाव झालेल्या सौद्यांच्या मागून सरकतो. वस्तू एकदम चढली किंवा पडली की तो मागे राहतो. त्याऐवजी गेमच्या विकीची रिअल-टाइम भावांची एपीआय (प्रोग्रामने आकडे मागवायची सोय) घ्या, ती रूनलाइट हे गेम चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या सौद्यांतून भरते. प्रत्येक वस्तूचे चार आकडे मिळतात: तत्काळ खरेदीचा सरासरी भाव व त्याचे नग, तत्काळ विक्रीचा सरासरी भाव व त्याचे नग. बाजार समितीचा तक्ता वाचता तसेच हे वाचा. नुसता कमाल दर पाहून कोणी कापसाची गाडी भरत नाही, आवक आणि सर्वसाधारण दर पाहतो. दोन्ही भाव आपापल्या नगांनी गुणा, बेरजेला एकूण नगांनी भागा. तो त्या दिवसाचा सर्वसाधारण दर.

आता सरासरी. तुमच्या ४० मध्ये ट्विस्टेड बो हे दुर्मीळ धनुष्य असेल तर बाकीच्या ३९ चा उपयोग शून्य. अब्जाच्या घरातली ती वस्तू १ टक्का हलली की कोटभर नाणी हलली, आणि कोळसा दुप्पट झाला तरी आलेखाला पत्ता नाही. दुर्मीळ वस्तू टोपलीतून, म्हणजे निर्देशांकाच्या वस्तूंच्या यादीतून, काढा आणि त्यांचा आलेख वेगळा ठेवा. एक्स्चेंजच्या करातल्या काही पैशांतून निवडक वस्तू विकत घेऊन नष्टही केल्या जातात, म्हणजे त्यांच्या भावाला बाहेरून टेकू असतो.

टोपलीत वापरून संपणारा माल घ्या, १५-२० वस्तू पुरे: नेचर रून, डेथ रून (रून म्हणजे जादू करताना खर्च होणारे दगड), शार्क, प्रेयर पोशन, यू लाकूड, कोळसा, ड्रॅगन बोन्स, कॅननबॉल. पहिल्या आठवड्यातल्या रोजच्या नगांचा मध्यक हे त्या वस्तूचं वजन. हे वजन निदान तीन महिने बदलू नका, नाहीतर भाव बदलला की टोपली बदलली हेच कळणार नाही. आजच्या भावाने टोपलीची किंमत काढा, पायाच्या किमतीने भागा, १०० ने गुणा. मग ७ दिवसांचा मध्यक घ्या. गेमचे अपडेट सहसा बुधवारी येतात आणि भाव त्याभोवती हलतात. संत्र्याच्या आंबिया बहाराचा भाव मृग बहाराशी कोणी ताडून पाहत नाही, तसा बुधवारचा आकडा सोमवारशी ताडू नका.

एक बारीक गोष्ट. सौदा झालाच नसेल तर एपीआय 'नल' (म्हणजे किंमत नाही) देते. शीटमध्ये त्याचं ० झालं की आलेख खड्ड्यात गेलाच समजा. ती जागा रिकामी ठेवा.

पांढरं_सोनं
कोऱ्या दिवसांवर इलाज आहे, रात्री जागायची गरज नाही. त्याच एपीआयची टाइमसिरीज (मागच्या भावांची) विनंती एका वस्तूचे जास्तीत जास्त ३६५ बिंदू परत देते. ५ मिनिटांच्या टप्प्याने साधारण ३० तास, १ तासाच्या टप्प्याने १५ दिवस, ६ तासांच्या टप्प्याने ९१ दिवस, २४ तासांच्या टप्प्याने पूर्ण वर्ष. निर्देशांकासाठी ६ तासांचा टप्पा पुरतो. लाइन आठवडाभर गेली तरी नंतर सगळं भरून निघतं.

पायथनने मागवत असाल तर यूजर-एजंटमध्ये (विनंती कोण करतं हे सांगणाऱ्या मजकुरात) आपलं काम काय ते एका ओळीत लिहा. रिक्वेस्ट्स लायब्ररीचा आयता यूजर-एजंट तिथे अडवला जातो, आणि 'सर्व्हर बंद आहे' असा गैरसमज होतो. वेळेचे शिक्के युनिक्स सेकंदांत असतात. दिवस पाडण्याआधी भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

संत्राबाग_वरुड
बॉन्डचा भाव एकटा पाहून काहीच ठरत नाही, टोपलीशेजारी ठेवूनच पाहा. दोन्ही चढले तर नाण्याची किंमत उतरते आहे. बॉन्ड चढला आणि टोपली जागेवर असेल तर मेंबरशिपची मागणी वाढली, एवढंच. कच्च्या मालाचे नग वाढले, भाव पडला, पण त्यापासून बनणाऱ्या मालाचे नग तेवढेच राहिले, तर आधी बॉटचा (आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामचा) संशय घ्या. माल येतो आहे, खपत नाही.

माझ्या मते तिसरा आकडा सगळ्यात बोलका: तत्काळ खरेदी-विक्रीतला फरक. विकणाऱ्यावर २ टक्के कर आहे, एका नगाला कमाल ५० लाख नाणी. मधल्या मध्ये घेऊन विकणारा त्याहून कमी फरकात हात घालत नाही. रोजच्या खपाच्या वस्तूत फरक २ टक्क्यांच्या आसपास असला तर बाजार भरलेला आहे. तो ५-६ वर गेला आणि नगही घटले, तर बाजार पातळ झाला. मे २०२५ पर्यंत कर १ टक्काच होता, त्याआधीचे फरक आताच्याशी जोडू नका. ५० नाण्यांखालच्या वस्तूंना कर लागत नाही, त्याही या हिशेबातून वगळा.

दारव्हा_रेंजर
समजलं, धन्यवाद. वजनं आजच बसवतो. एक राहिलं: रून प्लेटबॉडी हे चिलखत टोपलीत आहे, ती जवळपास हलतच नाही. काऊन?

खारपाण_पट्टा
तिला हमीभाव आहे. हाय अल्केमी या वस्तूची नाणी करणाऱ्या जादूने तिची कायम ३९,००० नाणी होतात, खरेदी केंद्र कधी बंद पडत नाही. जादूला फायर स्टाफ (आगीच्या रून पुरवणारी काठी) असेल तर एक नेचर रून लागते. नेचर १०० ला असेल तर ३८,९०० च्या खाली कोणी विकू लागला की अल्केमीवाले उचलून नेतात, फक्त ४ तासांत ७० नगांची मर्यादा आड येते. म्हणून तिचा भाव नेचरच्या उलट हलतो, महागाईच्या मागे जात नाही. टोपलीतून काढा, पण नग लिहीत राहा. अल्केमी हा नवी नाणी येण्याचा मोठा नळ आहे. कर, आणि विकत घेतलेला बॉन्ड पुन्हा विकण्याजोगा करायला लागणारे १० टक्के, या मोऱ्या. प्लेटबॉडीचे नग वाढत गेले की नळ किती उघडा आहे याचा अंदाज टोपलीच्या आधी येतो.