मतदान: सोय, हौस आणि तुमचे अनुभव

सोसायटीत लिफ्टशेजारी 'मतदान केंद्र'चा कागदी बाण अजून चिकटलेला आहे, आज सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि मला मे २०२४ ची लोकसभा आठवली. नाल्यापलीकडची शाळा, अडीच तास रांग, सासूबाई पायरीवर डोक्यावर ओला रुमाल घेऊन. नोव्हेंबरात विधानसभेला केंद्र आमच्याच क्लबहाऊसमध्ये, दहा मिनिटांत शाई लावून वर. पण समोरच्या फ्लॅटमधली दोन मुलं तेवढंही खाली उतरली नाहीत आणि आमच्या मावशी रात्रीच्या एसटीने जालन्याला जाऊन मत देऊन आल्या! मला वाटतं सोय गुडघे दुखणाऱ्याला लागते, ज्याला मनातूनच नको त्याला लिफ्टही पुरत नाही. तुमचं सांगा.

कुंपणावरचा
बूथवर बसलोय चार निवडणुका. दुपारी तीननंतर यादीवर खुणा बघायच्या, आपले पक्के कोण राहिले, त्यांच्या दारात जायचं, समोरच्यांना कोण कशाला उठवेल. मे मध्ये आमच्या निम्म्या पक्क्या घरांना कुलूप, सुट्टीला गावी. राज्यात तेव्हा मतदान साधारण ६१ टक्के, विधानसभेला ६६. मे मध्ये विरोधातल्या महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, सहा महिन्यांत सत्तेतल्या महायुतीला २८८ पैकी २३०. टक्का वाढला की सत्ता जाते म्हणतात ना, इथे सरकार आणखी भक्कम झालं. आमच्या बूथवर बायकांची रांग गेटबाहेर, लाडक्या बहिणीचे पैसे जुलैपासूनचे जमा झालेले

बालाघाट
आमच्याकडं १५ नोव्हेंबरला साखर कारखान्यांचं गाळप सुरू आन् २० ला मतदान. ऊसतोडीची टोळी फडात. ज्या पक्षाची गाडी आली तो मतदानाला घेऊन आला, मतदार असे गाडीत घालून नेणं गुन्हा आहे तरी. मामा म्हणले गाडी त्याची, बटण माझं. मामी मात्र लेकराला ताप म्हणून फडातल्या कोपीवरच, झोपडीतच राहिली, तिचं मत गेलंच.

पारिजात
😔 मामींसाठी वाईट वाटलं

टर्नपाईक
न्यूजर्सीत २०२० ला सगळ्या सक्रिय मतदारांना मतपत्रिका पोस्टाने घरी आली. डेमोक्रॅट शेजारीण पोस्टाने पाठवून मोकळी, ट्रम्पवाला शेजारी मुद्दाम स्वतः केंद्रावर गेला. दोघंही पेटलेले! देशभरात १९०० नंतरचं सगळ्यात जास्त मतदान झालं ते, सोय काय एकाच पक्षाला मिळाली नव्हती

शेवग्याची शेंग
आमचे आजोबा ८८. ८५ च्या वरच्यांना घरून मतदान, त्यासाठीचा १२ डी फॉर्म भरला. टीम आली, व्हिडिओवाला पण, आजोबांनी आधी इस्त्रीचा सदरा मागितला, तो घालेपर्यंत सगळे थांबले. मत देताना आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, मलाही. मला फार भरून आलं.

पारिजात
किती गोड आजोबा. बाकी मोबाईल आत नेऊ देत नाहीत त्याचं काय करता? आम्ही दोघं आलटून पालटून गेलो, एकजण बाहेर फोन सांभाळत, तेवढ्यात घरी कुकर लावायचा राहिला

बालाघाट
@पारिजात वॉचमनकडं द्यायचा की

कोथिंबीर वडी
ताई मी पुण्याहून ठाण्यात आलेय, नाव अजून तिकडेच, दोन्ही वेळा जाणं झालं नाही. इथे कसं आणायचं?

धागाकर्ती
८ नंबरचा फॉर्म भर गं, ऑनलाइन होतो, पत्त्याला लाईट बिल चालतं. अडलीस तर व्यनि (खाजगी निरोप) कर, आमच्या बीएलओ बाईंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्यांना, विचारून देते.