प्रतिसाद: अंतर आहेच, पण शाळेचंही बघा

मार्क असले की पोरं कॉलेजला कुठंही शिकायला जातात, अंतर आड येत नाही, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय, ते निदान गडचिरोलीत तरी खरं नाही. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाणच 200 किलोमीटरच्या आसपास, 2011 ला गोंडवाना विद्यापीठ झालं त्याआधी तर विद्यापीठाच्या कामाला पार नागपूर गाठावं लागायचं. पण मला विचाराल तर शाळेचा फरक जास्त पडतो. आश्रमशाळेत (आदिवासी पोरांच्या निवासी शाळेत) अकरावीला सायन्स नसलं की पोरगी आर्ट्स घेते आणि इंजिनीअरिंग-मेडिकलचा विषय तिथंच संपतो, सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म कधी भरायचा हे सांगणारंही घरात कुणी नसतं. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024 पासून प्रोफेशनल कोर्सची फी माफ झाली, चांगलंच झालं, पण त्या फीमाफीपर्यंत पोचायला आधी आश्रमशाळेतच सायन्सची अकरावी-बारावी हवी ना!