डोव्हरच्या मतदारांनी निकाल दिलाच होता, मग कोर्ट कशाला?

कोरी_पाटी:
शाळेत धर्म किती यावा हे लोकांनी निवडलेल्या स्कूल बोर्डाने ठरवावं की न्यायाधीशाने? माझं मत, बोर्डाने. चुकलं तर लोक बघून घेतील. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हरमध्ये नेमकं हेच घडलं. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या बोर्डाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला. डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले, असं म्हणणं) हा वेगळा विचारही आहे, असं निवेदन नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचायचं ठरलं. ११ पालक कोर्टात गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ ला १३९ पानी निकाल देऊन हे धोरण घटनाबाह्य ठरवलं. पण त्याआधीच, ८ नोव्हेंबरला, निवडणुकीला उभे असलेले बोर्डाचे आठही सदस्य पडले होते. मतदारांनी आपली चूक स्वतः निस्तरली. कोर्टापायी मात्र शाळेच्या तिजोरीतून पालकांच्या वकिलांना १० लाख डॉलरहून जास्त गेले.

रानजाई:
अजिबात पटलं नाही. निवेदन जानेवारी २००५ मध्ये वाचलं गेलं, निवडणूक नोव्हेंबरमध्ये. नववीचं वर्ष पोरांना पुन्हा मिळत नाही.
आणि वाचलं कसं ते बघा. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला, म्हणून शाळेचे अधिकारी वर्गात आले. ज्यांना ऐकायचं नव्हतं ती मुलं उठून बाहेर गेली. मजकूर वाचून झाला आणि प्रश्न विचारायचे नाहीत! मी दहावीला विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्याला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “बाई, मग आत्ताची माकडं माकडंच का राहिली?” फळ्यावर फांद्या काढत अर्धा तास जातो, कधी घंटा होते तरी मुलं बसून राहतात. तो अर्धा तास काढून घेतला तर माझ्या शिकवण्यात काही उरत नाही. डोव्हरच्या शिक्षकांनी वाचायला नकार का दिला असेल, ते मला इथे बसून कळतं.

मेरीलँडकर:
मी ज्या राज्यात राहतो तिथली गोष्ट सांगतो. माँटगोमेरी काउंटीच्या बोर्डाने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं प्राथमिक वर्गांत आणली. आधी मुलांना त्या तासाला बाहेर राहायची मुभा होती, २०२३ मध्ये ती काढून घेतली. मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक कोर्टात गेले, आणि जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा कौल त्यांच्या बाजूने दिला. आमच्या रविवारच्या मराठी शाळेबाहेर त्या आठवड्यात पालकांत सरळ दोन तट पडले होते. डोव्हरचा निकाल डोक्यावर घेणारेच तेव्हा म्हणत होते, कोर्टाने शाळेत नाक खुपसू नये. आपल्याला हवा तसा निकाल आला की कोर्ट चांगलं, ही भूमिका मला मान्य नाही.

रानजाई:
मुद्दा रास्त आहे, पण दोन्हीकडे कोर्टाने केलेलं काम वेगळं होतं. मेरीलँडमध्ये पुस्तकं वर्गातून काढली नाहीत, खटला चालू असेपर्यंत त्या पालकांच्या मुलांना बाहेर राहायची मुभा दिली. तेवढं मला चालेल.

कायद्याचा_कीस:
कोरी_पाटी, तुमच्या ‘लोक बघून घेतील’वर एकच विचारतो. केरळात १९८५ मध्ये यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन भावंडांना शाळेने काढून टाकलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण धर्मामुळे गायची नाहीत. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. गावात मतदान घेतलं असतं तर ती तीन पोरं पुन्हा त्या वर्गात बसली असती? मला तर नाही वाटत.
कोर्ट दर वेळी हात घालतं असंही नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेत राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान होतं. धर्मांची माहिती देणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २८ ने सरकारी शाळांत मनाई केलेलं धार्मिक शिक्षण नव्हे, असं म्हणत कोर्टाने ती फेटाळली.

कोरी_पाटी:
केरळच्या मुलांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे कोर्ट हवंच होतं, माझं पहिलं वाक्य फार सरसकट झालं. पण डोव्हरचं धोरण घटनाबाह्य ठरवून जोन्स थांबले नाहीत. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञानच नाही, असंही त्यांनी निकालात लिहिलं. विज्ञान कशाला म्हणायचं हे न्यायाधीशाने सांगू नये, यावर मी ठाम आहे.

रानजाई:
दोन्ही बाजूंनी तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला होता! आणि पुरावा कसला होता पाहा. त्या निवेदनात मुलांना इंटेलिजंट डिझाइनचं जे पुस्तक सुचवलं जात होतं, त्याचे जुने मसुदे कोर्टात आले. सृष्टी देवाने निर्माण केली हा विचार विज्ञान म्हणून शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला होता. त्यानंतरच्या मसुद्यांत ‘क्रिएशनिस्ट्स’ (देवाने सृष्टी निर्माण केली असं मानणारे) पुसून ‘डिझाइन प्रपोनंट्स’ (डिझाइनचे पुरस्कर्ते) लिहिलं होतं. एका ठिकाणी जुना शब्द नीट पुसला गेला नाही, त्याची पुढची-मागची अक्षरं नव्या शब्दांना चिकटून राहिली. हे मतपेटीतून कधी बाहेर आलं असतं? साक्षीदाराला शपथ देऊन कागद मागवावे लागले.