दादा म्हणतो, साडी घे आणि सही दे

माहेरवाशीण, तासगाव:
परवा दादाचा फोन. "सोमवारी अकराला निबंधक हापिसात ये. आधार आणि दोन फोटो आण. वहिनीनं साडी आणून ठेवलीय." कशासाठी ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. हक्कसोडपत्र, दुसरं काय!

आजोबांपासून चालत आलेली साडेतीन एकर आहे. निम्म्यात दादाची द्राक्षबाग, बाकी धाकट्याकडं, मध्ये विहीर. आप्पा 2003 साली गेले. त्या वेळच्या फेरफारानं सातबाऱ्यावर दादा 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला, आई नि मी 'इतर हक्कां'त. माझं लग्न 1991चं. दादा म्हणतो, मुलींना वाटा देणारा कायदा 2005चा, आप्पा त्याआधीच गेले. शिवाय तुझं लग्न 1994च्या आधीचं. शिवाय आप्पांनी हयातीतच तोंडी वाटणी करून आम्हा दोघांना जमीन दिली होती. आणि वर, "लग्नात काय कमी केलं तुझ्या?" तीन तोळे घातले होते. जाऊ दे.

मला बागेत घुसायचं नाही. सोसायटीचं कर्ज काढून त्यानं ती उभी केलीय, गारपिटीनंतर बांधावर बसून रडलेला मी बघितलाय त्याला. पण साडीवर सही द्यायला मन धजत नाही. आणि नाही म्हटलं तर दिवाळीला जायचं कुठं?

वकील, सांगली:
ताई, सोमवारी जाऊ नका. विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020ला सांगून टाकलंय की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, 9 सप्टेंबर 2005ला वडील हयात असायची गरज नाही. लग्नाची अट महाराष्ट्राच्या 1994च्या दुरुस्तीत होती, केंद्राच्या 2005च्या दुरुस्तीत नाही. तोंडी वाटणीचं म्हणाल, तर 20 डिसेंबर 2004च्या आधीचं नोंदणी केलेलं वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असता तर गोष्ट वेगळी. नुसत्या तोंडी वाटणीला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो, आणि तुमचा कागद उलटंच बोलतोय. वाटणी झाली होती, तर दादा एकत्र कुटुंबाचे मॅनेजर कसे लागले?

हिशेब असा. आप्पा, आई, तीन मुलं मिळून पाच वाटे. आप्पांचा पाचवा वाटा परत चौघांत, म्हणजे विसावा. पाचवा अधिक विसावा म्हणजे चौथाई. एकशे चाळीस गुंठ्यांत तुमचे पस्तीस. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते उलटवायला फसवणूक नाहीतर दबाव कोर्टात शाबीत करावा लागतो.

निवृत्त तलाठी, विटा:
'इतर हक्कां'त नाव पडलं म्हणून मालकी जात नाही, सातबारा महसुलाचा कागद आहे. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 85ने वाटप होतं, दाव्याची गरज नाही. बाग दादांच्याच वाट्याला लावा, कोर्टसुद्धा शक्यतो तेच करतं. पण विहिरीतला हिस्सा, मोटारीची पाळी, पाट नि वाट कागदावर लिहून घ्या. भांडणं जमिनीपेक्षा पाळीवरनं जास्त होतात, तीस वर्षं तेच बघितलं.

बागायतदार, पलूस:
मी भावाच्या बाजूचा, राग मानू नका. बहिणीनं हिस्सा मागितला तेव्हा मलाही झोंबलं होतं. मग माळाकडचा तुकडा तिच्या नावे केला, उरलेल्याचे पैसे बेदाणा विकून तीन हंगामांत फेडले. राखीला येते ती. एक विचारू? तुमच्या आईचं म्हणणं काय?

वकील, सांगली:
खरंच, आईही चौथाईच्या धनी. गुरुपाद विरुद्ध हिराबाई हा 1978चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आम्ही कॉलेजात घोकला. तो दावा आपल्या सांगलीच्या कोर्टात लागला होता, आणि लावला होता विधवा आईनं, स्वतःच्या वाट्यासाठी.

माहेरवाशीण, तासगाव:
सोमवारी गेले नाही. फोनवर दादाला म्हटलं, बाग तुझीच, मला माळाकडचं दे, पण सातबाऱ्यावर नाव लाव. तो गप्पच. मग आईला फोन मागितला. तिला चौथाईचं सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ईस वर्सं झाली, मला कुणी इचारलंच न्हाई. माझा तुकडा हिरीकडचा धरा." मागून वहिनीचा आवाज आला, "काय म्हणतायत हो आत्या?"