पीसीच्या कॅबिनेटमध्ये यूव्ही (अतिनील) लाईट लावू का साधी आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिसळून रंग देणारी)? (जुळे सोलापूर, बजेट 2000)

टॉवेलवाला_पोरगा:
नमस्कार मंडळी, नवीन कॅबिनेट घेतलंय, साईडला काच आहे आणि आत नुसता अंधार, म्हणून लायटिंग करायची म्हणलालोय. यूट्यूबवर एकानं यूव्ही लाईट लावून बनवलेला पीसी बघितला, आतल्या केबल हिरव्यागार चमकत होत्या, तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. मित्र म्हणतो आरजीबी घे, रिमोटनं रंग बदलतात. आई म्हणते घरात गड्ड्याची जत्रा भरवू नको. आणखी एक, उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, माझी खोली वरच्या मजल्यावर स्लॅबखाली, तर लाईटनं पीसी अजून तापेल का? मदरबोर्डवर लाईटसाठी 4 पिनचं एकच हेडर (वायर जोडायची जागा) दिसलालंय.

शेंगाचटणी:
आरजीबी घे बे. विषय संपला.

जुना_असेंबलर:
विषय एवढ्यात संपत नसतो भावा. यूव्हीचं आधी समजून घे. ती लाईट स्वतः फारसं काही दाखवत नाही, जांभळट अंधुक उजेड तेवढा पडतो. चमकतात त्या वस्तू, आणि त्यासुद्धा चमकणाऱ्या रंगाच्या असतील तरच. ऑर्केस्ट्रात पांढरा शर्ट निळा पेटतो ना, तो कपडे धुवायच्या पावडरीतल्या केमिकलमुळं, काळा शर्ट घालून गेलास तर नुसते दात दिसतील. तुझ्या कॅबिनेटमध्ये काळा बोर्ड, काळ्या केबल, काळा फॅन असेल तर दोन हजाराची यूव्ही लावून पण अंधारच. त्या व्हिडिओवाल्यानं यूव्ही रिॲक्टिव्ह (यूव्हीत चमकणाऱ्या) केबल घेतल्या असणार, पीसी थंड ठेवायच्या पाण्यात (कूलंट) पण तसलाच रंग टाकलेला असतो. तसला माल आता शोधत बसावा लागतो. आणि स्वस्तातल्या पट्ट्या साधारण 395 ते 405 नॅनोमीटरच्या, त्यात दिसणारा जांभळा रंगच जास्त. 365 ची चांगली, पण महाग पडते.

आमच्या वेळी, म्हणजे 2005 च्या आसपास, कोल्ड कॅथोडच्या बारीक काचेच्या नळ्या मिळायच्या, बरोबर इन्व्हर्टरची छोटी डबी. 12 व्होल्ट आत घेऊन ती शेकडो व्होल्ट बाहेर काढायची. मी एकदा चालू पीसीत नळी सरळ करायला गेलो आणि असा सणका बसला की हातातला चहाचा कप थेट कीबोर्डवर. आता सगळं एलईडी आहे, ती भानगड नाही. पण कुठं जुना माल मिळाला तरी ती डबी घेऊ नको. आणि पाणी शुद्ध करायच्या यूव्ही ट्यूबा असतात, त्या तर चुकूनही आणू नको, त्यांनी डोळे आणि कातडी जळते.

होटगीरोडकर:
काका बरोबर बोलले, पण पिनाचं राहिलं की. तुझं 4 पिनचं म्हणजे 12 व्होल्टचं हेडर, त्यावर अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवणार. पट्टीवर पळणारे रंग हवे असतील तर ते एआरजीबी (प्रत्येक एलईडी वेगळा रंग दाखवते), ते 5 व्होल्टचं, 3 पिनचं. 5 व्होल्टची पट्टी 12 वर जोर लावून बसवलीस तर गेलीच ती, मी माझी अशीच जाळली आणि वर दुकानदाराशी भांडलो पण होतो (चूक माझी होती). एआरजीबीच पाहिजे असेल तर साटा पॉवरवर (पीसीच्या पॉवर सप्लायच्या वायरवर) चालणारा कंट्रोलर घे, रिमोट त्याच्यासोबतच येतो. लांबीचं पण बघ, एका पिक्सेलला (म्हणजे पट्टीवरच्या एका एलईडीला) फुल पांढऱ्यावर 60 मिलिअँपिअरपर्यंत लागतात, म्हणजे 50 पिक्सेलला 3 अँपिअर झाले, आणि बऱ्याच हेडरची मर्यादा तेवढीच असते.

तापायचं टेन्शन घेऊ नको, फुल पांढरं ठेवलं तरी 15 वॉट, एरवी त्याहून कमी. तापतं ते ग्राफिक कार्ड आणि तुझा स्लॅब. पीसी बंद केल्यावर पण लाईट जळत राहिली तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतो तो मदरबोर्डचा मेन्यू) सेटिंग शोध, नाहीतर आई रात्री वायरच उपटेल.

शेंगाचटणी:
मी हेच म्हणलो होतो, थोडक्यात 😄

जुना_असेंबलर:
पैसे घालायच्या आधी एक फुकटची टेस्ट कर. नोटा तपासायची यूव्ही लाईट कुणाकडं असेल तर माग, रात्री खोलीतला दिवा बंद कर, कॅबिनेट उघडून आत मार. जे चमकेल तेवढंच चमकणार.

टॉवेलवाला_पोरगा:
काका, केली टेस्ट. बाबांच्या टॉवेलच्या दुकानातनं नोटांची लाईट आणली होती. आत एक स्टिकर चमकलं, रॅमवरचं. आणि पुढच्या फॅनच्या जाळीला एवढा निळा उजेड, मला वाटलं काय भारी फॅन मिळालाय. हात लावून बघतो तर टॉवेलचा पांढरा कापूस, दोन महिन्यांत अख्ख्या जाळीवर थर बसलाय. उद्या पहिला ब्लोअर आणतो. नंतर 12 व्होल्टची पट्टी, एकच रंग. आईला विचारलं कुठला, तर म्हणाली पिवळा लाव, देवघरासारखा.